बांध फुटायच्या आधी उतरणारी माणसं

खाजनकार (धागाकर्ता)

गोव्यात गावाच्या भल्याच्या गप्पा मारणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. ग्रामसभेत माईक हाती लागला की सोडवत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर पहाटेपासून रतीब चालू. या धाग्यात मला दुसऱ्या जातकुळीच्या लोकांबद्दल बोलायचंय. जे आधी काम करतात आणि बोलायला उभं केलं तर 'हांवें कितें उलोवप?' (मी काय बोलू?) म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसतात.

सुरुवात माझ्या गावापासून करतो. बार्देशात, शापोरा नदीच्या काठाला आमचं खाजन आहे, म्हणजे भरतीच्या पातळीखालची भाताची जमीन. नदी आणि भात यांच्यामध्ये मातीचा बांध, बांधात एक मानस. हा बांध राखायचा कोणी, यावर कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी गावकरी संस्था), कुळांची संघटना आणि सरकार यांच्यात टोलवाटोलवी इतकी जुनी आहे की आम्ही लहानपणी ऐकलेली वाक्यं आता आमची मुलं ऐकतात. तोवर बांधाला खेकड्यांची बिळं पडतच होती.

आमच्या वाड्यावरचे एक गृहस्थ बसवर ड्रायव्हर होते, ते निवृत्त झाले. (नाव लिहिणार नाही. कळलं तर माझ्याशी बोलणं टाकतील.) निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या सोप्यावर बसतात, हे ओहोटी धरून बांधावर जायला लागले. एका हातात घमेलं, दुसऱ्यात कुदळ, खांद्यावर लाकडी धुमस. बीळ बुजवणं वाटतं तितकं सोपं नसतं. नुसतं तोंड लिंपलं तर खेकडा रात्रीत शेजारून दुसरं पाडतो आणि आतली पोकळी तशीच राहते. भरतीला तिच्यात पाणी शिरतं, ओहोटीला माती घेऊन बाहेर पडतं, आणि पावसाळ्यात एखाद्या अमावास्येच्या उधाणाला बांधाचा तेवढा तुकडा बसतो. म्हणून बीळ शेवटपर्यंत उकरायचं, वेळ पडली तर हात कोपरापर्यंत आत घालून. मग चिकणमातीचे गोळे थरावर थर टाकायचे, प्रत्येक थर धुमसाने ठोकायचा, आणि वर मुळांसकट गवताची ढेकळं बसवायची. एका बिळाला अर्धा तास सहज जातो.

लोक हसले. सरकारचं काम फुकटात करतो म्हणाले. काहींना तर संशय आला की हा माणूस पंच म्हणून उभा राहणार. त्यांनी कोणाला बोलावलं नाही, कोणाला टोमणा मारला नाही. सगळ्यात आधी उतरली ती बांधाशेजारी क्रिकेट खेळणारी पोरं. मग पोरांचे बाप, मग ज्यांची शेती पलीकडे आहे ते. (हो, ज्यांची शेती तिथे होती ते सगळ्यात शेवटी आले. यावर वेगळा धागा काढता येईल.)

माणसं का आली याचा मी पुष्कळ विचार केलाय. त्यांची वेळ ठरलेली असायची, ओहोटीची. त्यामुळे कोणालाही कधीही जाऊन उभं राहता यायचं, आमंत्रण लागायचं नाही. उशिरा आलेल्याला ते 'आलास?' एवढंसुद्धा विचारत नसत, मोकळं घमेलं त्याच्याकडे सरकवत. आणि मानशीच्या तळाचा काळा, कुजका गाळ काढायचं काम शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवलं. पुढारी सहसा उलटं करतात: स्वच्छ झाडू आपल्या हातात, गाळ दुसऱ्याच्या.

बांध अजून उभा आहे. तो केवळ या बिळं बुजवण्यामुळेच उभा आहे असा दावा मी करणार नाही. पण आता ओहोटीला बांधावर कोणी दिसलं नाही तर लोक चौकशी करतात, एवढं मात्र खरं.

तुमच्याकडची उदाहरणं सांगा. पुरस्कार मिळालेली, न मिळालेली, दोन्ही चालतील. अट एकच, काम डोळ्यांनी पाहिलेलं किंवा जगजाहीर असावं. व्हॉट्सअ‍ॅपवरून ढकललेलं नको.

डोंबिवलीचा_गोंयकार

छान धागा. आजोळ गोव्यातलं मये, जन्म आणि आयुष्य डोंबिवलीत, त्यामुळे खाजन हा शब्द फक्त आईच्या तोंडून ऐकलेला. मानस म्हणजे नेमकं काय? दार असेल तर ते रोज उघडायला-लावायला माणूस ठेवतात का?

खाजनकार

माणूस लागत नाही, हीच तर गंमत. मानस म्हणजे बांधातला दरवाजा. लाकडी फळ्या अशा टांगलेल्या असतात की भरतीचं पाणी बाहेरून दाबायला लागलं की त्या आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतल्या पाण्याचा जोर झाला की उघडतात. खारं पाणी आत येत नाही, पावसाचं गोडं पाणी बाहेर जातं. समुद्राच्या भरतीच्या पातळीखालची जमीन अशा रीतीने भाताखाली आणलेली आहे. गोव्यात खाजन जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे असं मानतात. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासूनची ही व्यवस्था. १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, पोर्तुगिजांनी गावकऱ्यांच्या चालीरीती नोंदवल्या, त्या त्यांनी घालून दिलेल्या नव्हेत, आधीपासून चालत आलेल्या.

पावसाने जमिनीतला खार धुऊन निघाला की कोरगुट नावाचं भात लावायचं. ते थोडा खार सोसतं. भात निघाल्यावर पोंयीत, म्हणजे मानशीजवळच्या तळ्यात, मासळी. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो, आणि गावातली अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

कडू_कारलं

भांडणाचा विषय निघालाच आहे तर मीच सुरू करतो.

त्या गृहस्थांबद्दल आदर आहे. पण अशा गोष्टी ऐकल्या की माझ्या पोटात गोळा येतो. कोमुनिदादीच्या काळात बांध राखणं ही कोणाची मेहेरबानी नव्हती, ती जबाबदारी होती. बांधाला भगदाड पडलं की घरटी माणूस जायचा, आणि न येणाऱ्याला गाव जाब विचारायचा. खर्चाला कोमुनिदादीचं उत्पन्न होतं. १९६४ चा कूळ कायदा आला, कसणाऱ्याला न्याय मिळाला, ते योग्यच झालं. पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली आणि त्यासोबत पैसा आणि धाक मात्र गेला नाही. मानशीच्या लिलावात ज्याचा हात, त्याला मासळी जास्त हवी, म्हणून रात्री फळ्यांत दगड अडकवून खारं पाणी आत घेणारेही असतात. हे सगळं तसंच ठेवून एका निवृत्त माणसाने खेकड्याची बिळं बुजवायची आणि आपण टाळ्या पिटायच्या?

सरकारला यासारखं सोयीचं काय असणार! लोकच करतात म्हटल्यावर निधी कशाला?

तेंबवाड्याची_लाट

कारलंबाब, तुमचा मुद्दा खरा आहे, पण मोरजीला उलटं घडलं ते सांगते.

आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हिवाळ्यात, रात्रीची. एका खड्ड्यात शंभरच्या आसपास अंडी. आमच्या लहानपणी ती अंडी उकरून आणणं हा गुन्हा आहे असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. घरोघरी खाल्ली जायची, बाजारात विकली जायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण होतं, पण कायदा कागदावर आणि अंडी टोपलीत. नव्वदच्या दशकात गावातल्याच काहीजणांनी रात्री वाळूत झोपून राखण सुरू केली. खड्ड्याभोवती काठ्या रोवायच्या, जाळं लावायचं, कुत्र्यांना हाकलायचं. पिल्लं बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात, तोवर राखण. वनखातं मागून आलं, शेड घातली, राखणदारांना मजुरी दिली, आज किनाऱ्याचा तो पट्टा राखीव आहे. म्हणजे लोकांनी आधी केलं म्हणून सरकार सुटलं नाही, अडकलं.

आमच्या शेजारचा एक काका अंडी शोधण्यात पटाईत होता. कासवाचा माग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यालाच राखणीला बसवलं. लोक म्हणाले, चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या. पण खड्डा नेमका कुठे आहे हे काठी टोचून सांगणारा दुसरा होता कोण? मी त्याला पिल्लं मोजताना पाहिलंय. मोजायचा आणि परत परत मोजायचा, आकडा चुकला तर रात्री झोप नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांना दिवे बंद करायला सांगायलाही तोच जायचा, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी रस्त्याकडे चालायला लागतात. त्याला इंग्रजी येत नव्हतं. हॉटेलात शिरून बटण स्वतःच दाबायचा.

आता दिवे आणि गाणी दोन्ही वाढलीत, तो भाग वेगळा.

म्हापशाचा_पायलट

मोठ्या मोठ्या गोष्टी चालल्यात, माझी छोटी. मी मोटरसायकल पायलट, म्हणजे भाड्याने दुचाकीवरून माणसं पोचवणारा. मागच्या गिऱ्हाइकासाठी दुसरं हेल्मेट ठेवतो. सुरुवातीला गिऱ्हाईक नाक मुरडायचं, कोणाकोणाच्या डोक्यावर जाऊन आलंय म्हणून. बायकोने कॉटनच्या टोप्या शिवून दिल्या, आत घालायला, रोज धुतलेल्या. आता स्टँडवरच्या आणखी काहीजणांनी दुसरं हेल्मेट घेतलंय. टोप्या अजून माझ्याच बायकोकडून शिवून घेतात, त्याचे पैसे मात्र वेळेवर देत नाहीत.

लावणीची_बाय

पायलटबाब, टोपी आवडली. बायकोला नमस्कार सांगा, आणि पैसे वसूल करून द्या.

धागाकर्त्यांना एक विचारायचंय. तुमच्या गोष्टीत निवृत्त गृहस्थ आहेत, क्रिकेटवाली पोरं आहेत, पोरांचे बाप आहेत. बायका कुठे आहेत? खाजनात खार चढतोय हे सगळ्यात आधी लावणी करणाऱ्या बाईला कळतं. रोपाची टोकं पिवळी पडतात, पायाच्या भेगा चुरचुरायला लागतात. आमच्याकडे एका कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) पाणी झिरपतंय हे माझ्या सासूने सांगितलं तेव्हा 'तुला काय कळतं' असं उत्तर मिळालं. पुढच्या अमावास्येला तिथेच बांध खचला. फोटोत मात्र फावडं घेतलेले पुरुष, आणि आम्ही पेजेच्या भांड्यामागे.

खाजनकार

रास्त प्रश्न. आमच्याकडे चिकणमाती वाहून आणण्याचं निम्मं काम बायकांनीच केलं आणि बांधावर कुठे झिरपतंय याची खूण म्हणून काठीला लाल चिंधी बांधायची कल्पनाही त्यांचीच. आता बिळं शोधत कोणी हिंडत नाही, लावणीवाल्यांनी चिंधी बांधली की आम्ही तिथे जातो. हे मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं.

सत्तरीची_वाट

श्रमदान म्हणजेच आदर्श, असं समीकरण होऊ नये म्हणून लिहितोय. हात चालवणं हा एक प्रकार. जागचं न हलणं हा दुसरा.

सत्तरीतल्या शेळ-मेळावलीत आयआयटीसाठी जमीन ठरली. काजूच्या बागा, जंगल, पाण्याचे झरे, सगळं त्यात. जानेवारी २०२१ मध्ये मोजणीला आलेल्यांसमोर गाव उभा राहिला, बायका पुढे. पोलिसांशी झटापट झाली, अश्रुधूर सोडला गेला. १५ जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प तिथून हलवायचं जाहीर केलं. त्या बायकांमध्ये पुढारी कोणी नव्हती. रोज सकाळी येऊन रस्त्यात बसायचं आणि दुपारची भाकरी तिथेच खायची, हे एकीने केलं म्हणून दुसरीने केलं.

आमच्याच तालुक्यात केरीच्या राजेंद्र केरकरांचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. म्हादई नदी, देवराया, जंगलं, यांसाठी वर्षानुवर्षं गावोगाव हिंडणं आणि लिहीत राहणं. १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य जाहीर झालं. आता अभयारण्यावरून सत्तरीत आजही दोन मतं आहेत, माझ्या घरातच आहेत. थोरल्या भावाची काजूची बाग त्या हद्दीत येते, तो या विषयावर जेवताना ताट सोडून उठतो. पण ज्या माणसाशी वाद घालायचा तो स्वतः त्या वाटेने चालून आलेला आहे, एवढं भाऊसुद्धा मान्य करतो.

कडू_कारलं

याला म्हणतात उदाहरण. २००७ च्या जानेवारीत गोव्याच्या जमीनवापराचा प्रादेशिक आराखडा २०११ सरकारला मागे घ्यायला लागला, त्याच वर्षाअखेरीस सेझ (विशेष आर्थिक क्षेत्रं) गुंडाळावे लागले, तेसुद्धा लोक रस्त्यावर आले म्हणून. खेकड्याची बिळं बुजवून नव्हे.

खाजनकार

कारलंबाब, २००७ च्या सभांना मीही होतो. आराखडा मागे घेतल्याच्या दुसऱ्या दिवशीही गावात डोंगर कापणं चालूच होतं आणि ते थांबवायला नकाशा वाचता येणारा माणूस गावात एकच होता. मोर्चा मोठा होता याबद्दल वाद नाही. पण मोर्चा घरी गेल्यावर जो रोज सर्व्हे नंबर ताडून बघतो, त्याच्याबद्दल मी बोलतोय.

आणि आम्ही सरकारला सोडलेलं नाही. त्याच गृहस्थांनी प्रत्येक भगदाडाची तारीख, लांबी आणि फोटो वहीत चिकटवलेत. माहिती अधिकारात अर्ज घातला, उत्तर यायला पावसाळा उलटला, आलं तेव्हा बांध 'सुस्थितीत' असल्याचा शेरा होता. बिळं कोणी बुजवली, हे त्यात नव्हतं. मग वही घेऊन ग्रामसभेत गेलो. गावाने ठराव घेतला, आणि मानशीच्या लिलावाच्या अटींत 'फळ्या अडकवल्यास अनामत जप्त' हे कलम आलं. तुम्ही म्हणता तो दगड अडकवण्याचा धंदा त्यानंतर कमी झाला. कलम मंजूर झालं कारण हात वर करणारे निम्मे लोक त्या बांधावर चिखलात उभे राहिलेले होते. नुसतं निवेदन असतं तर पंचांनी चहा पाजून पाठवलं असतं.

कडू_कारलं

अनामतीचं कलम आवडलं. त्याचा मसुदा इथे टाका. बाकी मतभेद कायम.

तिवराचं_झाड

पर्यावरणाची विद्यार्थिनी आहे, एक काळजी वाटली म्हणून लिहिते. बांध साफ करताना नदीकडची तिवरं तोडत नाही ना? लाटेचा पहिला मार तीच खातात, बांधाची माती धरून ठेवतात. शिवाय तोडणं कायद्याने गुन्हा.

खाजनकार

नदीकडच्या झाडांना हात लावत नाही, उलट बांधाच्या बाहेरून रोपं लावलीत. खरी अडचण आतल्या बाजूला आहे. बांध फुटून खाजन पडीक राहिलं की दोन-चार वर्षांत आत तिवरं उगवतात. मग ती कायद्याने संरक्षित, आणि शेतकऱ्याला स्वतःच्या भाताच्या जमिनीत पाऊल टाकता येत नाही. काही ठिकाणी तर हे व्हावं म्हणूनच बांध फुटू देतात, पुढे जमिनीचा वापर बदलून घ्यायला सोपं जातं. म्हणून आमची घाई बीळ लहान असतानाची. एकदा आत जंगल झालं की शेतकरी आणि तुमच्यासारखी मुलं समोरासमोर उभी राहतात, आणि बांध फोडणारा बाजूला हसत बसतो.

तिवराचं_झाड

हे वर्गात कोणी असं सांगितलं नव्हतं. एकदा बांधावर येऊन बघायला आवडेल.

कुळागर

फोंड्याकडून एक. सावईवेरेंचे संजय अनंत पाटील, २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली ते. कुळागरासाठी (सुपारी-नारळाच्या बागेसाठी) डोंगरात स्वतःच्या हातांनी सुरंग, म्हणजे बोगदा, खोदून पाणी आणलं, नैसर्गिक शेती केली. पद्मश्रीनंतर सगळे जाऊन सेल्फी काढून आले, ठीक आहे. पण कुळागरवाला दुसऱ्याचं ऐकून कधीच काही बदलत नाही, मी स्वतः कुळागरवाला आहे म्हणून सांगतो. तो मे महिन्यात शेजाऱ्याच्या पाटात पाणी बघतो, सुपारीच्या बुडातला ओलावा अंगठ्याने दाबून बघतो, काही न बोलता घरी येतो आणि मग पुढच्या वर्षी गुपचूप तेच करतो. विचारलं तर म्हणेल, आमच्या आजोबांपासून असंच करतात.

म्हापशाचा_पायलट

हाहा, हेल्मेटचंही तसंच. स्टँडवर आता सगळे म्हणतात आधी मीच आणलं.

डोंबिवलीचा_गोंयकार

वाचून राहवत नाही. आमच्या सोसायटीत बरेच गोंयकार आहेत, थोडे पैसे गोळा करून पाठवू का? आणि चतुर्थीला मी येतोच आहे, तेव्हा एक दिवस बांधावर काम करायला येऊ?

खाजनकार

पैसे नकोत. पैसे आले की हिशेब आला, हिशेब आला की कमिटी, आणि कमिटी आली की खजिनदार कोण यावर दोन वाडे फुटतात. फारच वाटलं तर चांगल्या पोलादाच्या दोन कुदळी आणा, इथल्या दांड्यातून निखळतात.

चतुर्थीला मात्र बांधावर काम नसतं. भात पोटरीत आलेलं असतं, पाऊस असतो, ओल्या बांधावर जास्त माणसं चढली तर तोच बसतो. काम फेब्रुवारी ते मे. मे महिन्याच्या सुट्टीत या, मुलांना घेऊन या. तिवराचं_झाड, तुम्हीही तेव्हाच या, आतली तिवरं कुठवर आलीत ते दाखवतो. येण्याआधी इथे विचारा, त्या आठवड्याच्या ओहोटीच्या वेळा टाकतो. पहाटेची असेल तर रात्रीच आलेलं बरं. आणि कारलंबाब, लिलावाच्या अटींचा मसुदा उद्या टाइप करून टाकतो, त्यातलं अनामतीचं कलम तुमच्या कायद्याच्या नजरेने तपासा. ते कोर्टात टिकेल का अशी शंका आमच्या पंचांनीच काढलीय.